तुझ्यात काय कमी आहे

आई,

काल एका बाईंनी मला तुझा प्रश्न विचारला. झिरकपूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी तरुण मुलांचा क्लब भरतो आणि तो मी चालवते, हे तुला माहीत असायचं कारण नाही, कारण हे सगळं तू गेल्यानंतरचं. त्या बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. नवरा हवाई दलात, नुकतीच इकडे बदली झालेली. आधी माझ्याशी हिंदीतच बोलत होत्या, प्रत्येक वाक्याला 'जी' लावत, चाचपडत. तेवढ्यात एक लोखंडी खुर्ची घसरून माझ्या पायावर आदळली आणि माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. त्या चमकल्या, मग खुलल्या. म्हणाल्या, "अहो मॅडम, तुम्ही आपल्याकडच्याच होय का! मग मोकळं विचारते. ही घरी दिवसभर बोलून राहते, डोकं उठवते माझं. हिच्यात काय कमी आहे, की हिला इथे यायचं आहे?" मुलगी भिंतीवरच्या सूचना वाचत असल्याचं दाखवत होती. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

पालकांच्या प्रश्नांना माझी उत्तरं तयार असतात. सेक्टर ३४ मधल्या क्लासला मुलांना सोडायच्या आधी इकडे डोकावणारे वडील विचारतात, याचं सर्टिफिकेट ॲडमिशनला कामाला येईल का. मी सांगते, येणार नाही, कारण मिळणारच नाही. कुणाला वाटतं आम्ही पोरांना पुढारी बनवतो आणि निवडणूक आली की हातात झेंडे देतो. कुणाला वाटतं ही वाया गेलेल्या मुलांना सरळ करायची जागा आहे. त्या आया मला कोपऱ्यात नेऊन मुलाचे गुन्हे सांगू लागतात आणि त्यांना थांबवता थांबवता माझी पुरेवाट होते. एक आजोबा तर हे कवायतीचं काम समजून नातवाला नवे कोरे बूट घालून घेऊन आले होते. या सगळ्यांना मी हसत सांगते की इथे मुलं बोलतात, भांडतात, बागेतला कचरा उचलतात, सोसायटीतल्या म्हाताऱ्यांबरोबर बँकेत जातात, स्वतःची सहल स्वतः आखतात आणि ती फसली की स्वतःच निस्तरतात. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. पण दारातून निघता निघता एखादी आई हमखास वळते आणि विचारते, "हमारी तो रहेगी ना जी?" त्यावर माझं वाक्य ठरलेलं आहे. "ये ग़लतफ़हमी है जी, क्लब आने से कोई घर से नहीं टूटता." काल त्या बाईंनीही निघताना तेच विचारलं, मराठीत. "आमचीच राहील ना हो ही?" मी तोंड उघडलं आणि माझं ठरलेलं वाक्य मला मराठीत म्हणता येईना. शब्द सापडत होते, पण मराठीत ते खोटं वाटायला लागलं. मी त्यांना पुढच्या रविवारी या, मग निवांत बोलू, एवढंच म्हटलं. तेव्हापासून मी तुझ्याशी बोलते आहे.

आपलं ते सरकारी क्वार्टर आठवतं मला, त्यातलंही फक्त स्वयंपाकघर. रविवारचीच सकाळ आहे. बाबा नेहमीसारखे मेडिकलच्या प्रयोगशाळेत गेले आहेत, त्यांच्या जंतूंना सुट्टी नसते असं तू म्हणायचीस. तू पाटावर बसून मेथी निवडते आहेस, मी ओट्यावर पाय सोडून बसले आहे आणि बोलते आहे. काय बोलते आहे ते आता आठवत नाही. शाळेतलं, रस्त्यावरचं, मनचं, खरं, खोटं, सगळं. तू मधूनमधून 'मग?' म्हणतेस. वर्ध्याहून लग्न होऊन तू थेट इकडे उत्तरेत आलीस, आणि या आखीव रस्त्यांच्या शहरात तुझ्या कानावर मराठी घालणारे दोघंच होतो. त्यातले बाबा मुळातच कमी बोलणारे. शेजारणी चांगल्या होत्या. हिवाळ्यात सरसोंचं साग आणि वर लोण्याचा गोळा पाठवायच्या. तू सगळ्याला 'हां जी' म्हणायचीस. तेवढीच तुझी हिंदी. त्या 'हां जी'च्या भरात तू एकदा शेजारच्यांचा कुत्रा ते परगावी जाऊन येईपर्यंत सांभाळायला होकार देऊन बसली होतीस. कुत्रा घरात आल्यावरच तुला कळलं की आपण कशाला हो म्हटलं. हसून हसून आपल्या दोघींच्या पोटात दुखलं होतं.

तुला एक ठाऊक नव्हतं. मी घरात जेवढी बोलायचे तेवढीच बाहेर मुकी होते. मराठीत माझं तोंड उघडायचं, हिंदीत मिटायचं. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या, उत्तर मला यायचं, पण ते हिंदीत करेपर्यंत दुसरा कुणीतरी देऊन मोकळा व्हायचा. मुली मला गूँगी म्हणायच्या. मार्क चांगले पडत होते म्हणून कुणी घरी कळवलं नाही, आणि तुला कसं कळणार? तुझ्यासमोर जी मुलगी होती तिच्या तोंडाला विश्रांती नव्हती. दोन वेगळ्या मुली होत्या त्या, आणि तुला एकच भेटली होती.

म्हणून मी दहावीनंतर एक दिवस क्लबात जायचं म्हटलं तेव्हा तुला काही उमगेना. आधी तू 'क्लब' या शब्दालाच अडलीस. क्लब म्हणजे बाबांचे साहेब लोक जिथे तंबोला खेळतात आणि गिलास घेऊन बसतात तो. मी म्हटलं, तसा नाही गं, मंडळ असतं ना आपल्याकडे, तसं. तर तू म्हणालीस, "मंडळ? इथे कुठला गणपती बसवून राहिले?" मग मी कम्युनिटी सेंटरवरची पाटी जशीच्या तशी सांगितली. युवा विकास क्लब. तू हातातली भाजी खाली ठेवलीस. "विकास? ज्याचा झाला नाही त्याच्यासाठी असेल ते. तुझा काय व्हायचा राहिला? तुझ्यात काय कमी आहे?" मला हसू आलं, आणि मग तुझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबलं. तू मोजायला लागली होतीस. दूध, भिजवलेले बदाम, थंडीतलं तेल लावणं, पाठ करून घेतलेले पाढे. पोरीचा विकास करायला लोकांना क्लब काढावा लागतो, म्हणजे आपण काही केलंच नाही, असं तू ऐकलं होतंस. तो शब्द तुला घरावर आलेल्या तक्रारीसारखा लागला. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, आणि शाळेतलं मुकेपण तुला सांगायची मला लाज वाटली. शेवटी बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "जाऊ दे तिला," आणि मी गेले.

क्लब चालवणारे सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, करडी दाढी, पिस्ता रंगाची पगडी. त्यांचा एकच नियम होता. "ग़लत बोल पुत्तर, पर बोल." सुरुवातीला मी नुसत्या सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. मग एकदा जेवणावर बोलायचं होतं तेव्हा माझ्या तोंडून निघालं की आमच्याकडे कढीत पकोडे नसतात, डाळीचे गोळे असतात. कुणीतरी विचारलं, ते विरघळत नाहीत? आणि मी सांगत सुटले. चुकत सांगितलं, लिंग-वचनाची ऐशीतैशी करत सांगितलं, पण तू गोळे कसे वळतेस ते शेवटपर्यंत सांगितलं. सगळे ऐकत होते. सर म्हणाले, "लो जी, ये तो बोलती है." मी घरी आले ती तरंगतच. तुला काय सांगू नि काय नाही असं झालं होतं, पण तू तोंड फिरवून पोळ्या लाटत होतीस, कारण तो आपला रविवार होता आणि मी दुपारी उगवले होते.

मग ती छबील. ज्येष्ठाच्या उन्हात इथे रस्त्याकडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला दूध आणि गुलाबाचं सरबत घातलेलं थंडगार पाणी पाजतात, तुला ते आवडायचं. त्या वर्षी गुरुद्वाराच्या छबीलीवर आमचा क्लब होता. मी भर रस्त्यात उभी राहून रिक्षा थांबवत होते, स्कूटर थांबवत होते, आवाज बसेपर्यंत ओरडत होते. एक सायकल-रिक्षा थांबली. सीटवर उन्हापायी पदर नाकापर्यंत ओढून घेतलेली कुणी बाई, पायाशी भाजीच्या पिशव्या. माझं लक्ष ट्रेमधल्या गिलासांवर, सांडतील म्हणून. मी ट्रे पुढे केला आणि म्हटलं, "माताजी, जल छको जी." तिने गिलास घेतला, मी पुढच्या स्कूटरकडे धावले.

संध्याकाळी तू कणीक मळताना म्हणालीस, "आज तू मला माताजी म्हणाली." मला कळेचना. मग तू सगळं सांगितलंस. मंडीतून येताना दुरूनच तुला एक मुलगी दिसली, कशी धीट आहे, कशी हसून बोलते, असं तुझ्या मनात आलं, आणि रिक्षा जवळ आल्यावर ती मी निघाले. हाक मारणार होतीस. पण मी तुला माताजी म्हटलं, आणि मग तुला वाटलं, नको, हिच्या मित्रमैत्रिणी आहेत, आपण मराठीत बोलू, हिला ओशाळं होईल. म्हणून पाणी प्यालीस, गिलास दुसऱ्याच कुणाच्या ट्रेमध्ये ठेवलास आणि रिक्षावाल्याला 'हां जी' म्हणालीस. "मी आधी ओळखलंच नाही तुला. अशी बोलते होय तू बाहेर?" तू रागावली नव्हतीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. मग कणकेकडेच बघत म्हणालीस, "पण मला माताजी नको म्हणू." मी तुला मागून मिठी मारली. तुझे हात कणकेने भरलेले होते, त्यामुळे तू नुसती उभी राहिलीस.

त्यानंतर तू क्लबाबद्दल कधी वाकडं बोलली नाहीस. उलट पुढच्या छबीलीला मोठ्या कॅनमध्ये कैरीचं पन्हं करून दिलंस, गूळ, वेलची, जरासं केशर. दोन दिवस तू घरभर कैऱ्या उकडत होतीस. ते पन्हं तासाभरात संपलं. सरांनी दोन गिलास घेतले आणि म्हणाले, "माताजी नूं बुलाओ, सबसे मिलवाते हैं." मी घरी आले तशी तू दारातच होतीस. "काय म्हणाले सगळे?" आणि मी चपला काढता काढता म्हटलं, "सबको बहुत अच्छा लगा. सर ने बुलाया है आपको." दिवसभर तेच तोंडात होतं म्हणून तसंच निघालं. तुझा चेहरा पडला. बुलाया है, हे तुला फक्त शाळेतल्या बोलावण्यासारखं ठाऊक होतं. "काय केलं तू?" असं विचारलंस. मी हसत समजावलं, कौतुकाने बोलावताहेत गं. मग तू पदराला हात पुसत म्हणालीस, "मी काय बोलू तिथे? मला नाही येत तुमचं." आणि नंतर, अगदी हळू, "ते जे सांगितलं ना आधी, कसं लागलं सगळ्यांना, ते मराठीत सांग ना जरा." मी म्हटलं, "छान लागलं." एवढंच आलं. रस्त्यावर मी त्या पन्ह्याचं वर्णन करून करून लोकांना थांबवलं होतं.

'तुमचं' म्हणालीस तू. त्या दिवशीपासून घरात एक 'तुमचं' आलं. भांडण कधीच झालं नाही, तेही बरंच होतं म्हणायचं. मी कॉलेजात वादविवादात बक्षिसं आणत होते आणि घरी येऊन थकून गप्प बसत होते. तू 'मग?' म्हणायचीस आणि मी 'काही नाही' म्हणायचे. दोन मुली तेव्हाही होत्या, पण आता तुझ्या वाट्याला मुकी आली होती. मला तुझा फार राग यायचा कधीकधी, तू हिंदी का शिकत नाहीस म्हणून. आज वाटतं, तू कुणाकडून शिकणार होतीस? तुझ्या दोन शिक्षकांपैकी एक प्रयोगशाळेत होता आणि दुसरी क्लबात.

तुझं दुखणं वाढलं तेव्हा होती नव्हती ती हिंदीही तुला सोडून गेली. 'हां जी'सुद्धा. वॉर्डात सिस्टर माझ्या तोंडाकडे बघायच्या, आंटी क्या बोल रही हैं? आणि मी सांगायचे. एका सकाळी तू म्हणालीस, "मला उमासे येऊन राहिले गं." सिस्टरने विचारलं आणि मी म्हटलं, इनका रोने का मन हो रहा है. तिने तुझ्या कपाळावरून हात फिरवला, दोन मिनिटं बसली, बिचारी. मग तू भडभडून ओकलीस तेव्हा मला कळलं की उमासे म्हणजे मळमळ, आणि माझ्या डोक्यात होते ते उमाळे. तुझं तोंड पुसताना मी रडत होते. तू धापा टाकत होतीस आणि तशातही हसलीस. "उमासे म्हटलं होतं मी," म्हणालीस, आणि जरा दम खाऊन, "पण जाऊ दे. तू म्हणाली तेही येऊनच राहिले." मला वाटतं तुझं माझं शेवटचं नीट बोलणं ते. नंतर तू फक्त हात धरायचीस.

तर आई, त्या बाईंना मी आता काय सांगू? क्लबामुळे मुलं घरापासून तुटत नाहीत हा माझा पाठ झालेला धडा मी इतक्या लोकांना शिकवला आहे, आणि त्यांच्या बाबतीत तो बहुतेक खराही असावा. तुझ्या बाकीच्या सगळ्या समजुती चुकीच्या होत्या. तिथे कुणी गिलास घेऊन बसत नव्हतं, गणपती नव्हता, आणि माझ्यात काही कमी होतं म्हणूनही मी गेले नव्हते. पण जी भीती तू कधी बोलून दाखवली नाहीस, नुसती पोळ्या लाटत राहिलीस, ती चुकीची नव्हती. मी गेले नसते तर आजही गूँगीच राहिले असते, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही खरं आहे म्हणूनच तर कुणावर रागावता येत नाही.

मी त्या बाईंना सांगणार आहे की तुमच्या मुलीत काही कमी नाही. ती इथे बोलायला लागेल, आणि घरी जरा कमी बोलेल, तेव्हा घाबरू नका. पण तुम्ही दारातून परत जाऊ नका. आत येऊन बसा. मराठीत बोला, कुणाला कळो न कळो, ती सांगेल ना सगळ्यांना तुम्ही काय म्हणालात ते. आणि पुढच्या छबीलीला काही करावंसं वाटलं तर जरूर करा, फक्त मुलीच्या हाती पाठवू नका, स्वतः घेऊन या आणि स्वतः वाटा. तुला असं कुणीच म्हटलं नाही. सरांनी बोलावलं होतं, पण त्यांचं बोलावणं तुझ्यापर्यंत पोचता पोचता समन्स झालं.

हे पत्र घरात ठेवायला हरकत नाही. ह्यांना अक्षरं वाचता येतात पण मराठी कळत नाही. मुलाला कळतं, पण तो दोन ओळी ऐकून 'मम्मा, शॉर्ट में बता दो' म्हणेल. त्याला 'मग?' म्हणायची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे, आणि तोही हल्ली 'कुछ नहीं' म्हणतो. तेव्हा हे कपाटातल्या तुझ्या साड्यांखाली राहील.

एक सांगायचं राहिलं. या पत्राचं पहिलं वाक्य मला आधी हिंदीत सुचलं होतं, आणि मी ते तसंच लिहूनही टाकलं होतं. त्यात मी तुला 'माँ' म्हटलं होतं. मग तो कागद फाडून दुसरा घेतला आणि आई लिहिलं.